बोट एका ओळीवर, तोंड तिसऱ्या

आज कोडिंग बाजूला ठेवू. आज बोलायचंय इंग्रजी वाचण्याबद्दल.

मागच्या दिवाळीत सणसवाडीला घरी होतो. सहावीतली भाची इंग्रजीचा धडा धडाधड वाचत होती. जवळ जाऊन बघितलं, तर बोट एका ओळीवर आणि तोंड तिसऱ्याच! अख्खा धडा पाठ. मधलाच एक शब्द दाखवला, तर गप्प.

मला हसू आलं नाही, कारण मीही तसाच होतो. मराठी माध्यम, मग बीटेक. पहिल्या वर्षी पेपरातला प्रश्न वाचताना ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायचो.

असं का होतं? लाबर्ज आणि सॅम्युअल्स या अमेरिकन संशोधकांनी १९७४ मध्ये मांडलं, की आपलं लक्ष मर्यादित असतं. ते अक्षरं जुळवण्यातच संपलं, तर अर्थासाठी उरत नाही. आपल्या भाषेत, रॅम फुल! शिवाय मराठी बरीचशी लिहितो तशीच वाचतो. इंग्रजीत 'कट' आणि 'पुट' यांतला तोच 'यू' वेगळा बोलतो. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण विषय असणं वेगळं, वाचता येणं वेगळं.

सॅम्युअल्स यांनीच १९७९ मध्ये उपाय लिहिला: छोटा उतारा, सफाई येईपर्यंत परत परत वाचायचा. मग हे पाठांतरच नाही का? नाही. डोळे शब्दावर असले पाहिजेत.

म्हणून आम्ही 'स्टोरीवीव्हर'वरून तिने न वाचलेली सोपी गोष्ट घेतली. ते प्रथम बुक्सचं आहे, फुकट आहे. आधी मी वाचायचो, ती बोट फिरवायची. मग तिने तीनदा वाचायचं, तिसऱ्यांदा मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. शेवटी मी उलटीकडून कुठलेही पाच शब्द विचारायचो. गोष्टीत काय झालं, ते तिने मराठीत सांगायचं. रोज दहा मिनिटं, बास.

आता ती अडखळते, पण शब्द बघून अडखळते. ही प्रगतीच आहे!

आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने. नोकरीचा कागद बऱ्याचदा इंग्रजीत येतो आणि माणसं न वाचताच सही करतात. भाचीने तसं करू नये, एवढंच वाटतं.

तुमच्या घरातल्या पोराला आज एक शब्द मधूनच विचारून बघा. आणि हो, तो अडला तर रागवू नका. भेटू पुढच्या भागात!