आपल्याकडे ऊन म्हणजे लोकर का नाही?



ऐन एप्रिलच्या उकाड्यात लोकरीवर व्याख्यान ठेवणाऱ्या संयोजकांच्या धाडसाला आधी नमस्कार. पंखे चालू आहेत तोवर विषयाला हात घालतो.

हिंदीत लोकरीला ऊन म्हणतात, गुजरातीतही ऊनच. मूळ संस्कृत शब्द ऊर्णा. प्राकृतात तो उण्णा झाला. मराठीच्या चालीनं बघितलं तर आपल्याकडेही कर्णाचा कान, पर्णाचं पान, तसं ऊर्णेचं ऊन व्हायला हरकत नव्हती. पण त्या जागेवर उष्ण या शब्दातून आलेलं दुसरंच ऊन ठाण मांडून बसलं. कमी या अर्थाचं तिसरं ऊन एकोणीस, एकोणतीस यांच्या पोटात आहे, ते वेगळंच. आता ‘अंगाला ऊन लागतंय’ म्हटल्यावर समोरच्यानं छत्री द्यायची की स्वेटर काढायला सांगायचं?

अर्थात एवढ्यानं शब्द मरत नाही. झाडाचं पान आणि खायचं पान मराठीत सुखानं नांदतात. म्हणून मला दुसरं कारण जास्त पटतं, त्याकडे येतोच.

आधी ऊर्णेचा दरारा बघा. ऋग्वेदात सिंधू नदीला ऊर्णावती म्हटलंय आणि गांधारातल्या लोकरदार मेंढीची उपमाही तिथेच आहे. ऊर्णायु, म्हणजे लोकरवाला, या शब्दासाठी पाणिनीनं स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं. कोळी झाला ऊर्णनाभ: बेंबीत लोकर असलेला! मुंडकोपनिषदानं अक्षरब्रह्मातून विश्व कसं निघतं हे सांगायला हाच कोळी घेतला. बुद्धमूर्तीच्या भुवयांमध्ये ठिपका किंवा खडा दिसतो, तीही ऊर्णाच, दोन भुवयांमधला केसांचा भोवरा. लॅटिनमधला ‘लाना’ आणि इंग्रजीतला ‘वूल’ हे तिचे सख्खे नातलग. औषधाच्या दुकानातल्या मलमांत लॅनोलिन असतं, लोकरीचं मेण. त्याचं नाव या लानावरूनच. म्हणजे ‘वूलनचे कपडे’ म्हणताना आपण ऊर्णेच्याच भावंडाला हाक मारतो.

मग मराठीनं काय उचललं? लोकर. जुन्या छापील पुस्तकांत हा शब्द लोंकर असा अनुस्वारासह भेटतो. तो अनुस्वार म्हणजे लोम शब्दातल्या ‘म’ची खूण असावी, असं माझं मत आहे. लोम म्हणजे अंगावरचा केस. हातावरची लव त्यातूनच आली. अमरकोशानंसुद्धा ऊर्णेचा अर्थ सांगताना मेंढ्या वगैरेंचे लोम असंच म्हटलंय.

आणि इथे मेंढीला साक्षीला बोलवावं लागतं. आपल्या माळावरची दख्खनी मेंढी बहुधा काळी. तिची लोकर आखूड, जाड, राठ आणि तीत केसांची भेसळ भरपूर. गळ्याशी मऊ लागावी, अशी ती नव्हेच. धनगर कात्रीनं ती कातरतात, पिंजतात, घरातल्या बाया सूत काततात. सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. तिनं धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. नवं घोंगडं पहिल्यांदा पाठीखाली घेणाऱ्याला ते चांगलंच टोचतं. पण पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतली की पाणी बराच वेळ वरच राहतं. असा माल रोज हाताळणाऱ्यांनी त्याला केसाच्या कुळातलं नाव दिलं, तर त्यात नवल कसलं? रसायनशास्त्रही त्यांच्याच बाजूनं आहे. लोकर आणि आपले केस, दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचेच.

हल्ली मात्र या शब्दानं मेंढी सोडलीय. विणकामाच्या दुकानात ‘लोकरीचे चार गुंडे द्या’ म्हटलं की पुष्कळदा ॲक्रिलिक हातात पडतं. ते खनिज तेलापासून होतं. खात्री करायची असेल तर धाग्याचं टोक चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर कशीबशी जळते, केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडली की राख होते. ॲक्रिलिक भराभरा पेटतं, वितळतं आणि टोकाला काळी कडक गोळी धरतं. दुकानदार दोन्हींना लोकरच म्हणतो. गिऱ्हाईकही तेच म्हणतं, आणि मेंढपाळाच्या कातरलेल्या लोकरीला बाजारात कुणी विचारत नाही.