पदवीचे शिक्षण आणि वस्तीचे प्रश्न



विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी सामान्य शिक्षण आणि सेवेतून शिक्षण, हा विषय संस्थेने आमच्याकडे सोपविला आहे. सामान्य शिक्षण म्हणजे मुख्य विषय कोणताही असला तरी समाज, कायदा, विज्ञान आणि भाषा यांचे प्रत्येक पदवीधराला असावे असे ज्ञान. सेवेतून शिक्षण म्हणजे वस्तीत जाऊन काम करणे, त्या कामाची वर्गातील अभ्यासाशी सांगड घालणे आणि त्यावर विचार करून लिहिणे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत खुले ऐच्छिक विषय, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. तेव्हा या विषयाचा विचार आपण सर्वांनी करणे अगत्याचे आहे.

सामान्य शिक्षणाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तिची शिफारस केली होती. आमच्यापुढे मात्र त्याहून जुने आणि जवळचे उदाहरण आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. परंतु त्यांबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी १ अभ्यासक्रमही घेतला. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विषयाच्या वर्गात पाऊल टाकले म्हणून हे घडू शकले. आपल्या मुलांना कोणी म्हणाले की मुख्य विषयाखेरीज बाकीचे विषय वेळ काढण्यापुरते असतात, तर त्यांनी हे उदाहरण आठवावे.

आता सेवेविषयी. हा शब्द ऐकताच आमच्यातील वडीलधारी माणसे थोडी सावध होतात, आणि त्याला कारण आहे. मनुस्मृतीने शूद्रांना इतर वर्णांची सेवा हेच कर्म नेमून दिले होते. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले, पण झाडू कोणाच्या हाती द्यायचा याची सवय अजून पुरती मोडलेली नाही. म्हणून महाविद्यालयाच्या शिबिरात सफाईचे काम निघते तेव्हा आपण पाहिले पाहिजे की झाडू सर्वांच्या हाती आहे का, आणि झाडून झाल्यावर, ही घाण येथेच का साचते, असा प्रश्न कोणी विचारतो का.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, अशी तिची रचना आहे. रस्ते, वृक्षारोपण, रक्तदान, साक्षरता अशी पुष्कळ चांगली कामे त्यातून झाली. परंतु काम झाले की अभ्यास आपोआप होतो असे नाही. अनुभवावर विचार केला तरच त्यातून शिक्षण घडते, हे जॉन ड्यूई यांच्या शिक्षणविचारातील मुख्य सूत्र आहे. ड्यूई हे कोलंबियात बाबासाहेबांचे शिक्षक होते, हे आपण जाणताच.

एक उदाहरण घेऊ. गटारे आणि मैलाटाक्या साफ करताना माणसे गुदमरून मरतात. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते आणि विषय संपतो. समजा, महाविद्यालयाने हाच विषय एका सत्राच्या अभ्यासाला घेतला. रसायनशास्त्राचा विद्यार्थी सांगेल की तेथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो फार वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो, म्हणून वास येत नाही तेव्हा धोका नाही असे समजणे जिवावर बेतते. कायद्याचा विद्यार्थी सांगेल की २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलेली १० लाखांची भरपाई २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ३० लाख झाली आहे. वाणिज्य शाखेची मुलगी ठेकेदाराचा करार वाचून कामगाराच्या हाती किती पडते ते पाहील. मराठीचा विद्यार्थी कामगारांच्या घरी बसून, त्यांच्या संमतीने, त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत लिहून घेईल. शेवटी ही सर्व माहिती सोप्या मराठीत छापून त्या वस्तीत वाचून दाखविली जाईल. याला आम्ही सेवेतून शिक्षण म्हणतो. यात विज्ञानाच्या मुलाला कायदा कळतो, कायद्याच्या मुलाला विज्ञान कळते, आणि विधवा झालेल्या भगिनीला आपला हक्क कळतो.

या बाबतीत महाविद्यालयांकडे आपण तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, वस्तीने काय शिकवावे आणि काय विचारावे यात वस्तीचाही शब्द असावा. दुसरी, हे काम वेळापत्रकात बसवावे आणि जाण्यायेण्याचा खर्च महाविद्यालयाने द्यावा. आपली कित्येक मुले सकाळी कामावर जाऊन मग वर्गात बसतात. त्यांनी श्रेयांक किती मिळतील असे विचारले तर त्यांना स्वार्थी म्हणू नये, कारण त्यांच्याजवळ फुकट द्यायला वेळ नाही. तिसरी, एका वर्षी गेलेली वस्ती दुसऱ्या वर्षी सोडू नये. दरवर्षी नवी माणसे येऊन तेच तेच प्रश्न विचारून जातात, आणि लोक कंटाळतात.

आपल्या संस्थेलाही काही करता येईल. विहारातील अभ्यासिकेत एक वही ठेवावी आणि रेशन, शिष्यवृत्ती, पाणी, नोकरी, जातीचा दाखला यांविषयी लोकांच्या अडचणी तीत नोंदवाव्यात. त्यातील एकेक प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून आपल्या प्राध्यापकांपुढे न्यावा. संस्थेतील निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी व वकील यांनी त्यांना मार्गदर्शन करावे.

विद्यार्थी मित्रहो, वस्ती पाहण्यासाठी इतरांना शिबिराची वाट पाहावी लागते, तुमच्यापैकी पुष्कळांना नाही. नळाला पाणी किती वाजता येते, दाखल्यासाठी किती खेपा घालाव्या लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. हे ज्ञान वर्गात बोलून दाखविण्याची लाज बाळगू नका. ते लिहा, त्याचे कारण शोधा आणि उत्तर घेऊन घरी या. ती वही या वर्षीच सुरू व्हावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!