माजी सैनिकांचे हक्क आणि आपल्या मोहल्ल्यातले कागद

(धाराशिव येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि बहिणींनो, 1965 च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. 1948 मध्ये काश्मीरमध्ये शहीद झालेले ब्रिगेडियर मोहंमद उस्मानही ठाऊक आहेत. कोणी आपल्याकडे देशप्रेमाचा पुरावा मागितला की आपण ही दोन नावे पुढे करतो. पण आपल्याच गल्लीत सतरा वर्षे शिपाईगिरी करून परतलेले चाचा असतात. त्यांना सरकारकडून काय मिळायला हवे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. अशा गावात योजना आली की पारावरच कळते. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडे एका गावात फौजेतली दोन-चार घरे असली तरी पुष्कळ. शेजारी सांगणारा कोणी नाही, म्हणून माहिती पोहोचत नाही.

तेव्हा आधी माहिती घेऊ.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, तसे धाराशिवलाही आहे. त्यावर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि दिल्लीचे केंद्रीय सैनिक मंडळ. जवळजवळ प्रत्येक योजनेचा रस्ता जिल्ह्याच्या या कार्यालयातून जातो. इथे नाव नोंदवून माजी सैनिकाचे किंवा सैनिक विधवेचे ओळखपत्र घेणे ही पहिली पायरी.

दुसरी गोष्ट घरपट्टीची. 2020 मध्ये राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने योजना काढली आणि माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना एका घराचा मालमत्ता कर माफ केला. गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद ही माफी देते. त्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज द्यावा लागतो. अर्ज नसेल तर दरवर्षी पावती फाडली जाते आणि चाचा मुकाट्याने पैसे भरतात.

तिसरी गोष्ट नोकरीची. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत. तांबोळी, अत्तार, मोमीन समाजातला माजी सैनिक जातीचा दाखला काढून ओबीसी प्रवर्गातल्या या जागेवर दावा सांगू शकतो.

चौथी गोष्ट ज्यांना पेन्शनच नाही त्यांची. पुरी नोकरी न होता परत आलेले असे वृद्ध आहेत. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, 65 वर्षांवरचा, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना केंद्रीय सैनिक मंडळ मदत देते. नोव्हेंबर 2025 पासून ही रक्कम महिना 4,000 वरून 8,000 रुपये झाली. मुलीच्या लग्नासाठीची मदत 50,000 वरून एक लाख झाली. पदवीचे व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे : मुलींना महिना 3,000, मुलांना 2,500 रुपये.

यातल्या एकाही योजनेत धर्माची अट नाही. मग आपली घरे कुठे अडतात?

मी माजी सैनिकांच्या घरचे कागद जुळवून देण्याचे काम करतो. एका खालांची पिशवी उघडली. पतीच्या लष्करी नोंदीत त्यांचे माहेरचे नाव. आधारवर नावापुढे ‘बी’, बँकेत ‘बेगम’. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले. निकाहनामा उर्दूत. बाई एकच, पण कागदावर चार जणी. पती हयात असताना त्यांच्या एका अर्जावर रेकॉर्ड ऑफिसकडून ही नोंद दुरुस्त झाली असती. आता प्रतिज्ञापत्रे, दाखले, भाषांतर आणि फेऱ्या. तोवर कुटुंब पेन्शन थांबलेली आणि घर उसनवारीवर. ज्या बाईने नवऱ्याच्या नोकरीची सारी वर्षे एकटीने घर चालवले, तिलाच ‘तुम्ही त्यांच्या पत्नी कशावरून?’ असे विचारले जाते.

हे काम तुम्ही करू शकता. परंडा, नळदुर्ग, उमरगा, कळंब, आपापल्या गावात माजी सैनिकांची घरे शोधा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आधार, बँक पासबुक समोर ठेवा आणि चारही ठिकाणी पती-पत्नी दोघांचे नाव व जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहा. ‘स्पर्श’ प्रणालीवर वर्षाचा हयातीचा दाखला भरला का, ते विचारा. घरपट्टीचा अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. आपल्या मोहल्ल्यातली असोत वा शेजारच्या गल्लीतली, सैनिकाचे घर दिसले की थांबा. मराठा, दलित, धनगर घरांतही हीच अडचण आहे.

भरतीची तयारी करणाऱ्यांनीही एक ऐकावे. 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम होतात. बाकीचे सुमारे 11.71 लाख रुपये सेवानिधी घेऊन परततात. योजनेनुसार त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे मी आता सांगितलेल्या बहुतेक योजनांचे दार त्यांच्यासाठी आजच्या नियमांनी बंद आहे. जरूर जा, पण हे जाणून जा आणि शिक्षण सोडू नका. हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारायचा हक्कही आपला आहे.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या दिवशी निधीच्या डब्यात पैसे जरूर टाका. त्याआधी आपापल्या गावातल्या किमान एका घराचे कागद पूर्ण करून जिल्ह्याच्या कार्यालयात पोहोचवा. सैनिकाला मिळते ती खैरात नव्हे, केलेल्या नोकरीचा मोबदला आहे. तो मागायला त्याला संकोच वाटत असेल, तर त्याच्यासोबत खिडकीपर्यंत आपण चालत जाऊ.