गिट्टी, मुरूम आणि मोजमाप

(चंद्रपूर-गडचिरोलीतील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी रस्त्याविषयी बोलणार आहे. रस्ता हवा की नको, हा वाद इथे नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रस्ता नसलेल्या गावातून अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावे लागते, हेही आपण जाणतो. मला बोलायचे आहे ते रस्त्याच्या शब्दांविषयी. कारण या कामात घाम बायांचा असतो आणि शब्द दुसऱ्यांच्या हातात असतात.

कामाचे शब्द बायांना पाठ आहेत. आधी मातीचा भराव, त्यावर मुरूम, मग गिट्टी. फटींत चुरी भरायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा. पैसा मंजूर असेल तर वर डांबर. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली, तेव्हा खडी फोडायला बाया मोठ्या संख्येने बसल्या होत्या. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे त्यांचेही कष्ट आहेत.

पण मजुरी ठरते ती दुसऱ्या शब्दांवर. घनमीटर, ब्रास, सरासरी खोली, दरपत्रक. हे शब्द मोजमापाच्या वहीत असतात. आपल्या भागातली कितीतरी बाई घरी गोंडी किंवा माडिया बोलते, कामावर मराठी ऐकते आणि तिचे काम इंग्रजीत लिहिले जाते.

काही वर्षांपूर्वी मी मुरूम खोदण्याच्या एका कामावर गेले होते. एक बाई मला म्हणाली, "ताई, खड्डा तर मोठा खणला, मग मजुरी लहान कशी आली?" समाजकार्याची पदवी घेतलेली मी, पण मला उत्तर देता आले नाही. ब्रास म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हते. मी विचारून आले. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे एक ब्रास.

मग आम्ही दोरी आणि काठी घेऊन खड्डा मोजला. लांबी-रुंदी दहा-दहा फूट. खोली एका बाजूला एक फूट होती आणि उतरत दुसऱ्या बाजूला दोन फूट झाली होती. वहीत नोंद होती एक फुटाची. सरासरी दीड फूट धरली तर काम दीड ब्रास होत होते. अर्ध्या ब्रासची मजुरी 'सरासरी' या एका शब्दात अडकली होती. बायांनी फेरमोजणी मागितली आणि ती करून घेतली.

वहीत आणखी एक शब्द असतो, डब्ल्यूबीएम. म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम. गिट्टी, चुरी आणि पाणी यांनी घट्ट बसवलेला थर. मॅकॅडम हे एका स्कॉटिश माणसाचे नाव. दोनशे वर्षांपूर्वी त्याने सांगितले की सहा औंसांपेक्षा जड दगड रस्त्यात नको, आणि बायका, मुले व म्हाताऱ्यांनी बसून छोट्या हातोडीने तो फोडावा. त्याचे नाव आपल्या वहीपर्यंत पोचले. दगड फोडणाऱ्या बायकांचे नाव तिथेही कुणी लिहून ठेवले नाही.

शेवटचा शब्द, गौण खनिज. मुरूम आणि गिट्टी कायद्याच्या भाषेत 'गौण' आहेत. बायांच्या कामालाही आपल्याकडे असेच गौण म्हणतात. पण १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक केली. गावाच्या टेकडीचा मुरूम कुठे जातो, हे ग्रामसभेत विचारायला बायांनी कचरू नये.

माझे सांगणे एवढेच. प्रत्येक गटाने एक टेप घ्यावा. वहीतले शब्द मराठीत आणि गोंडीत समजावून सांगावेत. जोडीला खड्डा प्रत्यक्ष मोजून दाखवावा, कारण अक्षर न येणाऱ्या बाईलाही फूट कळतो. मोजणारा आला की बाया पदर सावरून बाजूला होतात. यापुढे तसे व्हायला नको. टेपचे एक टोक त्याच्या हातात असेल, तर दुसरे आपल्या हातात हवे.