ईझल आणि भिंत यांच्या मध्ये



अमेरिकेतल्या अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकलेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे जॅक्सन पोलॉक उभा राहतो: जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासभोवती फिरत रंग ओतणारा, जगापासून तुटलेला एकटा कलावंत. हान्स नामुथनं १९५० साली टिपलेल्या छायाचित्रांनी ही प्रतिमा पक्की केली. माझी तक्रार त्या एकटेपणाबद्दल आहे. ही चित्रकला सार्वजनिक भिंतींच्या सावलीत वाढली, आणि भिंतीचे धडे तिला मेक्सिकोनं दिले.

१९३५ साली, मंदीच्या दिवसांत, रूझवेल्ट सरकारनं ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. चित्रकार हाही एक बेकार कामगारच, असं मानून त्याला आठवड्याला सुमारे २३ डॉलर मिळू लागले. पोलॉक, ली क्रॅस्नर, मार्क रॉथ्को हे सगळे त्या पगारावर जगले. अर्शिल गॉर्कीनं न्यूअर्क विमानतळाची भित्तिचित्रं त्यातच केली. मोठ्या भिंतीशी झुंजायचं तर समोर आदर्श होते मेक्सिकोचे भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा, ओरोस्को आणि सिकेरोस.

त्यांतल्या सिकेरोसपाशी थोडं थांबू या. १९३६ साली त्यानं न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरजवळ कार्यशाळा उघडली. मे दिनाच्या मिरवणुकीचे फलक आणि चित्ररथ तिथे तयार होत. चोवीस वर्षांचा पोलॉक तिथे कामाला जाई. यंत्रयुगाचं चित्र जुन्या तैलरंगानं आणि कुंचल्यानं कसं काढणार, असा सिकेरोसचा सवाल होता. म्हणून त्यानं मोटारींना मारतात तो ड्युको रंग आणला. पातळ केलेला रंग उभ्या पृष्ठभागावर ओघळतो, तेव्हा फळ्या जमिनीवर आडव्या टाकल्या. रंग डब्यातून ओतायचा, काठीनं उडवायचा, यंत्रानं फवारायचा, त्यात वाळू कालवायची. एका रंगावर दुसरा ओतला की घनतेच्या फरकानं खालचा वर येई आणि आपोआप भोवरे उमटत. हे अपघात पुसायचे नाहीत, कामाला लावायचे, ही तिथली शिकवण. अकरा वर्षांनी लाँग आयलंडवरच्या आपल्या कोठारात पोलॉक एनॅमलचे डबे घेऊन जमिनीवर वाकला, तेव्हा ही कृती त्याला परकी नव्हती.

मधल्या काळात महायुद्धानं पॅरिसचे अतिवास्तववादी न्यूयॉर्कला आणून सोडले. ब्रेतों, मासों, एर्न्स्ट आले. चिलीचा मात्ता त्याआधीच आला होता. विचाराच्या आधी हात चालू द्यावा, हे त्यांचं सूत्र इथल्या तरुणांनी उचललं. १९४१ साली मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये नवाहो आदिवासी कलाकारांनी जमिनीवर वाळूची चित्रं काढून दाखवली. तीही पोलॉकनं पाहिली.

तरी मला निर्णायक वाटतं ते १९४३ चं ‘म्युरल’. कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमला घराच्या प्रवेशदालनासाठी भित्तिचित्र हवं होतं. कलावंत मार्सेल द्युशांनं सुचवलं, भिंतीवर नको, कॅनव्हासवर करा, म्हणजे हलवता येईल. आठ बाय वीस फुटांचा तो कॅनव्हास मावावा म्हणून पोलॉकनं आपल्या घरातली आडभिंत पाडली! हे चित्र एका रात्रीत झालं, अशी दंतकथा आहे. गेटी संस्थेच्या तपासणीत मात्र खालचे काही थर वाळल्यावर वरचे चढवलेले दिसले. म्हणजे काम दिवसांचं होतं, झपाटलेल्या एका रात्रीचं नव्हे. १९४७ साली शिष्यवृत्तीच्या अर्जात पोलॉकनं स्वतःच लिहिलं, की ईझल आणि भिंत यांच्या मधली, हलवता येणारी मोठी चित्रं त्याला करायची आहेत. भिंत गेली, तिचा आकार उरला. मेक्सिकन भिंतींवरचा मजूर, मोर्चे, क्रांती हा मजकूरही गेला. त्याची मला हळहळ वाटते, पण या चित्रांचं बळ त्यामुळे नाकारता येत नाही.

रंग ठिबकवण्यातही पोलॉक एकटा नव्हता. ब्रुकलिनची जॅनेट सोबेल, युक्रेनमध्ये जन्मलेली गृहिणी, पोलॉकच्या आधी रंग ठिबकवत होती. त्यानं तिची चित्रं पाहिली होती, हे समीक्षक ग्रीनबर्गनं पुढे नोंदवलं. पण याच ग्रीनबर्गनं या चित्रकलेची वंशावळ पॅरिसच्या घनवादाशी जोडली आणि मेक्सिको कोपऱ्यात गेला. शीतयुद्धाच्या अमेरिकेत सिकेरोससारख्या कम्युनिस्ट गुरूचं नाव कुणाला सोयीचं असणार? २०२० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं ‘विदा अमेरिकाना’ प्रदर्शनात सिकेरोस आणि पोलॉक एकत्र मांडले. ही मांडणी पन्नास वर्षं आधी व्हायला हवी होती.