'पुढे न्या'ची चिठ्ठी

तालुक्याच्या गावी दहा खाटांचं नर्सिंग होम असतं. रात्री अडलेली बाळंतीण येते, रक्तदाब चढलेला, आणि रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठी लिहितात : 'पुढे न्या'. पुष्कळदा हा निर्णय बरोबरच असतो. पण केस आपल्या हातात बिघडली तर कोर्टकचेरी मागे लागेल, या धास्तीने लिहिलेली चिठ्ठीही हुबेहूब अशीच दिसते. मधल्या प्रवासात काही झालं, तर त्याची जबाबदारी कुणाच्याच कागदावर येत नाही. कायद्याची भीती हा नुसता बहाणा, खरी गोम पैशात, असं म्हणणारे बरेच आहेत. जादा तपासण्या आणि शस्त्रक्रियांबाबत त्यांचं म्हणणं निम्मं तरी पटतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं होतं, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, एवढी तफावत एकट्या भीतीने पडत नाही. परंतु अवघड पेशंट पुढे धाडणारा डॉक्टर स्वतःचंच बिल बुडवतो. तिथे लोभाचा हिशेब जुळत नाही.

धाक नसेल तर डॉक्टर बेफिकीर होतील, हा दुसरा आक्षेप. तो मला वजनदार वाटतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हा कुठे पेशंटला दाद मागायची जरा सोपी वाट मिळाली. ती बुजवू नये. पण भरपाईचा दावा वेगळा आणि फौजदारी गुन्हा वेगळा. २००५च्या जेकब मॅथ्यू खटल्यात त्याच न्यायालयाने बजावलं, की गुन्हा ठरायला निष्काळजीपणा घोर असला पाहिजे. तपास अधिकाऱ्याने आधी त्या शाखेतल्या तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं, आणि आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. तरीही डॉक्टर धास्तावलेले असतात, कारण निकाल दिल्लीत लागतो आणि जमाव दवाखान्याच्या दारात येतो. शिवाय हा धाक भलत्यालाच बसतो. जो मुळात अवघड केस घेतच नाही, त्याच्यावर दावा लागण्याची शक्यता कमी. जो घेतो, तोच अडकतो. म्हणून तज्ज्ञांचं मत ठरलेल्या मुदतीत यायला हवं, आणि ते नातेवाइकांच्याही हाती पडायला हवं. डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेतात, ही शंका रास्तच आहे. तेव्हा मत देणारा डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातला असावा.