वादळ ओसरल्यावर

बेंगळूरची चामराजपेठ समुद्रापासून फार दूर आहे. पूर्वेचा किनारा घ्या की पश्चिमेचा, मध्ये सुमारे तीनशे किलोमीटरांची भूमी पसरलेली. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९०० मीटर उंचीवर वसलेले. येथे वादळ म्हणजे रस्त्यावर मोडून पडलेली एखादी फांदी आणि एका संध्याकाळपुरता गेलेला वीजदिवा. समुद्रावरून उठलेले चक्रीवादळ या पेठेतील रहिवाशाला भेटते ते बातमीच्या रूपाने. पुण्याच्या, नागपूरच्या, इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मराठी माणसाची स्थिती याहून निराळी नाही. तेव्हा आपत्तीच्या जागी असलेली सामान्य माणसे काय करतात, आणि दूर असलेल्या सामान्य माणसाने काय करावयाचे, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारात घ्यावयास हवेत.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. अरबी समुद्रातील वादळे बहुधा गुजरातकडे वळतात किंवा ओमानच्या दिशेने निघून जातात. कोकणच्या वाट्याला असा थेट आघात क्वचित येतो. त्यातून ते दिवस करोनाच्या साथीचे. माणसाने माणसापासून अंतर राखावे, असा सरकारी आदेश होता. आणि वादळ तर माणसांना एका छपराखाली गोळा होण्यास भाग पाडीत होते. किनाऱ्यावरील हजारो लोकांना आधीच शाळांतून व पक्क्या इमारतींतून हलविण्यात आले होते. त्यामुळे मनुष्यहानी अगदी मोजकी झाली.

ही गोष्ट साधी नव्हे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या दिवीसीमेवर समुद्राची लाट चढली, तेव्हा दहा हजारांवर माणसे प्राणास मुकली. १९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसाच्या किनाऱ्यावरही तसाच संहार झाला. त्यानंतर वेधशाळेची पूर्वसूचना अधिक अचूक झाली, माणसे वेळेवर हलविण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि प्राण वाचू लागले. परंतु यातून एक विपरीत परिणाम घडतो. मृतांचा आकडा लहान असला म्हणजे बातमीही लहान होते. जीव वाचला, आता काळजीचे कारण उरले नाही, असे दूरचा माणूस समजतो. वस्तुतः वाचलेल्या माणसाची खरी कसोटी त्या क्षणापासून सुरू होते.

श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या भागांत त्या संध्याकाळी लोक घराबाहेर पडले, तेव्हा गाव ओळखू येत नव्हते. घरांची कौले उडाली होती, पत्रे कोठल्या कोठे जाऊन पडले होते, विजेचे खांब आडवे झाले होते. दूरध्वनी मुके झाले होते. मुंबईला असलेल्या मुलाला 'आम्ही सुखरूप आहो' एवढे दोन शब्द कळविण्याचीही सोय उरली नव्हती.

अशा वेळी पहिली मदत येते ती शेजारून. सरकारी पथके येण्यापूर्वी गावोगावच्या तरुणांनी कोयते, कुऱ्हाडी व करवती घेऊन रस्ते मोकळे करण्यास हात घातला. रस्ता मोकळा झाल्यावाचून रुग्णवाहिका पोहोचणार नव्हती आणि वीज दुरुस्त करणारा कामगारही येणार नव्हता. ज्याच्या घरावर छप्पर शिल्लक होते, त्याने ज्याचे उडाले होते त्याच्यासाठी पडवी मोकळी केली. पाऊस तोंडावर होता, तांदूळ भिजले होते. ज्याच्याकडे कोरडे धान्य होते त्याने ते वाटून घेतले. विहिरीला पाणी होते, पण पंप चालविण्यास वीज नव्हती. तेव्हा जनित्रे एका घरून दुसऱ्या घरी फिरली. पुढे महावितरणचे कर्मचारी अन्य जिल्ह्यांतून आले आणि परक्या गावात, भर पावसात, खांब उभे करीत राहिले. तरीही काही गावांत दिवा लागण्यास कित्येक आठवडे लागले.

घर पुन्हा शाकारता येते, खांब पुन्हा रोवता येतो. वाडीचे तसे नसते. श्रीवर्धनची सुपारी नामांकित आहे. तेथल्या कुटुंबाची वाडी म्हणजे घरामागची काही गुंठे जमीन. तीत उंच माड, त्यांच्या खाली पोफळी, पोफळीवर चढविलेली मिरवेल, मध्येच जायफळ आणि केळी. आजोबाने लावावे आणि नातवाने खावे, असा तो संसार. मलनाडातील सुपारीच्या बागा ज्यांना ठाऊक आहेत, अशा कर्नाटकवासीयांना तिचे मोल निराळे सांगावयास नको. पोफळीचे रोप आज लावले तर पीक हाती येण्यास पाच-सात वर्षे लागतात; माडालाही तितकाच, किंबहुना अधिक काळ लागतो. पिढ्यांनी उभे केलेले ते धन काही तासांत भुईसपाट झाले.

येथे मदतीच्या मापाचा प्रश्न उभा राहिला. शासनाने बागायतीसाठी मदतीचा दर वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केला. आकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, आणि पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. ज्वारीच्या किंवा कापसाच्या शेताला जे माप योग्य, ते वाडीला लावले की असे होते. बागायतदारांनी ही गोष्ट लावून धरली : आमची मालमत्ता जमिनीत मोजू नका, झाडांत मोजा. हे म्हणणे पुढे मान्य झाले आणि माडामागे २५० व पोफळीमागे ५० रुपये, असा हिशेब ठरला. पाच गुंठ्यांत दहा माड आणि साठ पोफळी पडल्या असतील, तर ही रक्कम साडेपाच हजार होते. झालेल्या हानीच्या मानाने तीही अल्पच. तथापि आधीच्या दुपटीहून अधिक. सरकारी मोजणीतील उणीव ज्याचे झाड पडले त्याला प्रथम दिसते, आणि त्याने ती दाखवून देणे हीदेखील समाजाची सेवाच होय.

मात्र या हिशेबातही काही माणसे बसत नाहीत. दुसऱ्याच्या माडावर चढून नारळ उतरविणारा पाडेली आणि हंगामात सुपारी सोलून चार पैसे मिळविणाऱ्या बाया यांच्या नावावर एकही झाड नसते. झाड गेले ते मालकाचे. रोजगार गेला तो यांचा. पंचनाम्यात झाडाची नोंद होते, हरवलेल्या रोजगाराची होत नाही.

दूरच्या माणसाचे काम येथे सुरू होते. चामराजपेठेच्या आपल्याच परिसरात या संदर्भात एक धडा आहे. ही पेठ १८९२ साली आखीव रस्त्यांनिशी वसविण्यात आली. पुढे १८९८ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरात प्लेग शिरला आणि जुन्या शहरातील दाट वस्तीत त्याने हाहाकार उडविला. साथ ओसरण्याची वाट पाहून शहर स्वस्थ बसले नाही. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या मोकळ्या हवेच्या वसाहती त्या आपत्तीतून आकारास आल्या. रोग्याला त्या दिवशी औषध देणे ही एक मदत. त्याच्या मुलांना उजेडाचे घर मिळेल अशी तजवीज करणे ही दुसरी. पहिलीवाचून माणूस जगत नाही आणि दुसरीवाचून तो पुन्हा उभा राहत नाही.

दूरवरून जाणारी मदत बहुधा पहिल्या आठ दिवसांत येऊन थांबते. तीतही कित्येकदा देणाऱ्याची सोय अधिक पाहिली जाते. कपाटातील जुने कपडे देणे सोपे असते; पण ज्याचे छप्पर उडाले आहे त्याला पत्रे, खिळे, ताडपत्री आणि ती बसवून देणारा सुतार हवा असतो. मंडळांनी व संस्थांनी काही पाठविण्यापूर्वी त्या गावाला एक प्रश्न विचारावा : तुम्हांला काय हवे आणि केव्हा हवे? उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असते. एखादे गाव रोपे मागेल, पण पावसाच्या तोंडावर. दुसरे गाव पडलेली झाडे उचलून वाडी साफ करण्याची मजुरी मागेल; आणि तीच मजुरी पाडेल्याच्या घरची चूल पेटती ठेवील.

'निसर्ग' येऊन वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २०२१ च्या मे महिन्यात, 'तौक्ते' वादळ कोकणाच्या किनाऱ्याला झोडपीत गुजरातकडे गेले. नवे रोप जेमतेम मूळ धरीत होते. तरीही कोकणी माणसाने पुन्हा खड्डे खणले, कारण वाडीवाचून त्याचे घर पुरे होत नाही. त्याच्या या चिकाटीचे कौतुक करून आपण मोकळे होऊ नये. पोफळीला फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागत असतील, तर आपल्या आस्थेची मुदत आठ दिवसांची कशी असेल? वादळानंतर सहाव्या महिन्यात एक पत्र जावे, तिसऱ्या वर्षी एकदा चौकशी व्हावी, आणि त्या वाडीची पहिली सुपारी बाजारात येईल तेव्हा ती विकत घेणारा एखादा दूरचा परिचित असावा. एवढे चामराजपेठेतून करता येते, नागपुरातूनही करता येते. त्याला समुद्र जवळ असावा लागत नाही.